बर्फ सगळ्यात शेवटी: उन्हाळ्यात घरच्या घरी गारेगार खाणंपिणं

ऊन तापायला लागलं की घरात एक प्रसंग हमखास घडतो. बाहेरून कुणीतरी घामाघूम होऊन येतं, आपण लगबगीने लिंबू पिळतो, पाण्यात साखर ढवळतो आणि वरून बर्फाचे चार-पाच खडे टाकतो. पहिला घोट कोमट लागतो, दुसरा बरा, आणि तिसऱ्यापासून पुढे नुसतं आंबूस पाणी. तळाशी न विरघळलेली साखर तशीच बसलेली. यात लिंबाचा दोष नसतो, साखरेचाही नसतो. क्रम चुकलेला असतो.

हिशेब करून बघा. २०० मिली सरबत ३० अंशांवरून ५ अंशांवर आणायचं तर त्यातून ५,००० कॅलरी उष्णता काढावी लागते (ही भौतिकशास्त्रातली छोटी कॅलरी, खाण्याच्या पाकिटावरची नव्हे). एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी शोषतो आणि वितळलेलं पाणी ५ अंशांपर्यंत येताना आणखी ५. म्हणजे जवळपास ६० ग्रॅम बर्फ वितळल्याशिवाय तो पेला गार होत नाही, आणि तेवढंच पाणी तुमच्या सरबतात मिसळतं. तेच सरबत आधी फ्रिजमध्ये ८ अंशांपर्यंत गार झालेलं असेल, तर सात-आठ ग्रॅम बर्फात काम भागतं. वितळणारा बर्फ स्वतः न तापता एवढी उष्णता गिळतो, हे जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १७६०च्या दशकात मोजून दाखवलं. बर्फाची ताकद मोठी आहे, पण ती वापरली की त्याचं पाणी होणारच.

तेव्हा पेय आधी गार करायचं, चवीला जरा तेज ठेवायचं आणि बर्फ सगळ्यात शेवटी घालायचा. खाली जे काही सांगितलंय, त्यातलं बरंचसं याच क्रमाभोवती फिरतं. उन्हाळ्यातलं चांगलं खाणंपिणं आदल्या रात्री सुरू होतं.

आधी फ्रिजकडे बघा

फ्रिजच्या आतलं तापमान ४ अंश किंवा त्याहून कमी हवं. उन्हाळ्यात दार सतत उघडलं जातं, त्यामुळे हिवाळ्यातली सेटिंग पुरत नाही. एक साधा थर्मामीटर पाण्याच्या पेल्यात बुडवून रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवा आणि सकाळी बघा. फ्रिज खच्चून भरू नका, थंड हवा फिरायला जागा लागते. दारातला कप्पा सगळ्यात कमी गार असतो, म्हणून दूध आणि दही आतल्या बाजूला ठेवा. दार लोणची-सॉससाठी ठीक आहे.

बर्फाचा ट्रे झाकून ठेवा. उघडा बर्फ फ्रीजरमधला कांद्या-मासळीचा वास ओढून घेतो, आणि मग सरबताला तो का येतोय हे कुणाला कळत नाही. खडे मोठे असले तर उत्तम, कारण तेवढ्याच वजनाच्या लहान खड्यांपेक्षा त्यांचा पृष्ठभाग कमी असतो आणि ते सावकाश वितळतात. मोठा ट्रे नसेल तर छोट्या वाट्यांत पाणी गोठवा. कॉफीचा, फळाच्या रसाचा किंवा दह्याचा बर्फही करून ठेवता येतो. तो वितळला तरी पेय पातळ होत नाही, उलट चव वाढते. बर्फासाठी पाणी मात्र पिण्यायोग्यच घ्या. गोठल्याने सगळे जंतू मरतात हा गैरसमज आहे.

आणि काचेची भरलेली बाटली फ्रीजरमध्ये ठेवून विसरू नका. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. मी एकदा "फक्त दहा मिनिटं" म्हणून ठेवलेली सोड्याची बाटली दुसऱ्या दिवशी सकाळी काचेच्या तुकड्यांसकट खरवडून काढली आहे. घाई असेल तर बाटली फ्रीजरऐवजी पातेल्यात बुडवा. पातेल्यात बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालायचं. पाणी हवेपेक्षा कितीतरी जलद उष्णता ओढतं, त्यामुळे जे फ्रिजमध्ये व्हायला काही तास लागतात ते इथे पंधरा-वीस मिनिटांत होतं. मधूनमधून बाटली फिरवत राहा.

एक बरणी पाक, म्हणजे निम्मं काम

साखर थंड पाण्यात लवकर विरघळत नाही, म्हणून ती आधीच विरघळवून ठेवायची. वजनाने सारखी साखर आणि पाणी, उदाहरणार्थ ५०० ग्रॅम आणि ५०० मिली, मंद आचेवर साखर विरघळेपर्यंत ढवळा आणि उतरवा. तारेबिरेच्या भानगडीत पडू नका, उकळत ठेवायची गरजच नाही. गार झाल्यावर स्वच्छ, कोरड्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. तीन-चार आठवडे छान टिकतो. गढूळ झाला किंवा वर बुरशीचा ठिपका दिसला तर टाकून द्या.

याच पाकाला वेगवेगळे वास देता येतात. गॅस बंद केल्यावर गरम पाकात आल्याच्या चकत्या, पुदिन्याची जुडी किंवा ठेचलेली वेलची घालून झाकण ठेवा, अर्ध्या तासाने गाळा. आलं मात्र पाकाबरोबर पाच मिनिटं उकळलेलं चालतं, ते चिवट असतं. पुदिना उकळलात तर त्याला शिजल्या पालेभाजीचा वास येतो.

आता लिंबाचं सरबत. मी लिंबं मोजत नाही, रस मोजते. एक लिंबू एवढुसा रस देतं, दुसरं त्याच्या तिप्पट, त्यामुळे "चार लिंबं" या मापाला काही अर्थ नाही.

१. मोठ्या, जाड सालीच्या चार लिंबांची पिवळी साल सोलाण्याने अलगद काढा. पांढरा भाग येऊ देऊ नका, तो कडू असतो. लिंबं पातळ सालीची असतील तर बारीक किसणीवर नुसती साल किसा.

२. ही साल २०० ग्रॅम साखरेत घालून हाताने किंवा लाकडी चमच्याने चांगली रगडा. झाकून दोन-तीन तास ठेवा. साखर सालीतलं सुगंधी तेल ओढून घेते आणि ओलसर होते. लिंबाचा खरा वास या तेलात असतो, रसात असतो तो मुख्यतः आंबटपणा.

३. त्यावर २०० मिली ताजा लिंबाचा रस ओता, साखर विरघळेपर्यंत ढवळा आणि गाळा. चिमूटभर मीठ घाला. मीठ इथे खारटपणासाठी नाही, ते कडवटपणा दाबतं.

४. हा अर्क बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. पितेवेळी १ भाग अर्काला साधारण ३ भाग गार पाणी घ्या, चाखा, मग बर्फ टाका.

चाखताना एक गोष्ट लक्षात ठेवा. थंड पदार्थात गोडी कमी जाणवते. गोडाची जाणीव पुढे पोचवणारी टीआरपीएम५ नावाची एक वाहिनी जिभेवरच्या पेशींमध्ये असते, आणि ती थंडीत मंदावते. म्हणून वितळलेलं आइस्क्रीम असह्य गोड लागतं. सरबत सामान्य तापमानाला किंचित जास्त गोड आणि आंबट वाटलं, तर गार झाल्यावर ते नेमकं बसतं. याचा दुसरा अर्थ असा की गार पेयातून आपण नकळत बरीच साखर पितो. रोजच्यासाठी पातळ करा, किंवा नुसत्या पाण्यात काकडीच्या चकत्या आणि पुदिना घालून रात्रभर ठेवा. ते पाणी दुसऱ्या दिवशीच संपवा.

सोडा घालणार असाल तर सोडाही गार हवा. शून्य अंशाला पाण्यात २० अंशांच्या जवळपास दुप्पट कार्बन डायऑक्साइड मावतो. कोमट सोडा बर्फावर ओतला की फेस होऊन सगळी मजा दोन मिनिटांत उडून जाते. आधी अर्क, मग बर्फ, मग पेल्याच्या कडेने हळूच सोडा, आणि एकदाच ढवळायचं. इथे बर्फ शेवटी नाही, हे माझ्या नियमाला एकमेव अपवाद, कारण वरून खडे टाकले की बुडबुडे फुटतात.

पुदिना पेल्यात कुटायची पद्धत लोकप्रिय आहे, पण लोक त्याची चटणी करतात. पानं तळहातावर ठेवून एकदा टाळी वाजवल्यासारखी चापटा, बस. वास सुटतो आणि दातांत हिरवे तुकडे अडकत नाहीत.

पिकून मऊ झालेल्या फळांचं काय करायचं

उन्हाळ्यात फळं एकदम पिकतात आणि दोन दिवसांत उतरतात. अशा फळांना मी व्हिनेगरच्या पाकात घालते. २५० ग्रॅम चिरलेलं फळ (स्ट्रॉबेरी, आलुबुखार, द्राक्षं, अननस, काहीही चालेल), २५० ग्रॅम साखर, आणि नंतर २५० मिली व्हिनेगर. फळ आणि साखर कालवून झाकून एक-दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवायचं. साखर फळातला रस ओढून काढते. मग दाबून गाळायचं, रसात व्हिनेगर घालायचं आणि आठवडाभर मुरू द्यायचं. पहिल्या दिवशी चव इतकी झणझणीत असते की घरातले तोंड वाकडं करतात. आठवड्याने तेच लोक मागून घेतात. एका पेल्याला दोन चमचे अर्क आणि गार सोडा. सफरचंदाचं व्हिनेगर यासाठी सगळ्यात गोडव्याचं पडतं. मुळातच सडलेलं किंवा बुरशी आलेलं फळ यात घालू नका, व्हिनेगर चमत्कार करत नाही.

कलिंगडाला यातलं काहीच लागत नाही. त्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच आहे. फोडी मिक्सरला क्षणभर फिरवा, गाळा, लिंबू पिळा, मीठ घाला. जास्त फिरवलंत तर बिया फुटून रसाला पिठूळ चव येते.

चहा-कॉफी, पण आच न लावता

गरम चहा करून बर्फावर ओतणं हा वरच्या हिशेबाने सगळ्यात वाईट प्रकार. त्यापेक्षा थंड पाण्यात चहा मुरवा. १ लिटर पाण्यात ८ ते १० ग्रॅम चहापत्ती (अख्ख्या पानांची चांगली, बारीक भुकटीची निम्म्या वेळात कडक होते) घालून झाकून फ्रिजमध्ये सहा ते आठ तास ठेवा आणि गाळा. थंड पाण्यात तुरटपणा कमी उतरतो, त्यामुळे साखर न घालताही पिता येतो. हिरव्या चहाला ही पद्धत विशेष मानवते.

काहीजण चहाची बरणी उन्हात ठेवून मुरवतात. दिसायला छान दिसतं, पण करू नका. उन्हात पाणी इतकं तापत नाही की जंतू मरावेत, तापतं ते त्यांना वाढायला सोयीचं वाटेल एवढंच.

गरम केलेला कडक चहा फ्रिजमध्ये गढूळ झाला तर घाबरू नका. चहातलं कॅफिन आणि तुरट द्रव्यं थंडीत एकमेकांना धरतात. थोडं उकळतं पाणी घातलं की पुन्हा नितळ होतो.

कॉफीसाठी १०० ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी आणि ८०० मिली पाणी. एकत्र करून १२ ते १६ तास फ्रिजमध्ये. मग आधी गाळणीतून, नंतर स्वच्छ कापडातून गाळा. कापडाची पायरी टाळलीत तर शेवटचा घोट चिखलाचा. हा अर्क आठवडाभर टिकतो, पिताना तेवढंच गार दूध किंवा पाणी घाला. झटपट विरघळणारी कॉफी यात वापरण्यात काही अर्थ नाही, तिच्यात मुरायला काही शिल्लकच नसतं. ती सरळ दोन चमचे कोमट पाण्यात विरघळवा, गार दूध घाला आणि कॉफीचा बर्फ टाका.

दही

दह्याचं पेय करायला एक भाग दही, दोन भाग गार पाणी, मीठ. आधी दही एकटंच घुसळा, मग पाणी थोडं थोडं घाला. सगळं एकदम ओतलं तर गुठळ्या राहतात. पुदिना, भाजलेल्या जिऱ्याची पूड, किसलेली काकडी, जे आवडेल ते. घामातून पाण्याबरोबर मीठही जातं, त्यामुळे दुपारी गोड पेयापेक्षा हे खारं पेय बरं वाटतं ते उगीच नाही.

गोठवायचे प्रकार

आइस्क्रीमचं यंत्र नसेल तर सगळ्यात भरवशाचा प्रकार म्हणजे काट्याने खरवडलेला फळांचा बर्फ. ५०० ग्रॅम कलिंगडाचा किंवा दुसऱ्या रसाळ फळाचा गर, ६० ग्रॅम साखर, २ मोठे चमचे लिंबाचा रस. मिक्सरला फिरवून पसरट ताटलीत ओता आणि फ्रीजरमध्ये ठेवा. अर्ध्या-पाऊण तासाने कडा गोठायला लागतात. काट्याच्या चमच्याने कडा मोडून मध्ये आणा. असं दर अर्ध्या तासाला, एकूण तीनेक तास. शेवटी ताटलीत हलके, मोकळे, चमकणारे स्फटिक दिसले पाहिजेत.

इथे साखर गोडीपुरती नसते. साखर पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते, त्यामुळे सगळं दगडासारखं घट्ट होत नाही. साखर फार कमी केलीत तर काटा वाकेल, फार वाढवलीत तर नुसता लगदा होईल. फळ मुळात गोड असेल तर साखर ४० ग्रॅमवर आणा.

पिकलेली केळी सोलून, चकत्या करून, ताटात सुट्या पसरून गोठवा आणि मिक्सरला लावा. आधी भुगा होतो, आपण निराश होतो, मिक्सर थांबवून कडा खरवडून पुन्हा फिरवतो, आणि अचानक ते मऊ आइस्क्रीमसारखं जुळून येतं. साखर नाही, दूध नाही. मुलांना तासाभरात करून देण्यासारखं याहून सोपं काही मला माहीत नाही, चकत्या आदल्या दिवशी गोठवलेल्या असल्या म्हणजे झालं.

काडीचा बर्फ तर पेल्यात रस भरून काडी उभी केली की झाला. अर्धवट गोठल्यावर काडी टोचा, म्हणजे सरळ राहते. या प्रकाराचं अमेरिकेतलं पेटंट फ्रँक एपर्सन यांनी १९२४ मध्ये घेतलं. ते सांगत की १९०५ मध्ये, अकरा वर्षांचे असताना, सोड्याचा पेला ढवळायच्या काडीसकट रात्रभर थंडीत बाहेर राहिला आणि हे सुचलं. माझी बाटली फुटली, त्यांचं पेटंट झालं.

पिशवीतलं आइस्क्रीम हा एक खेळच आहे. घट्ट बंद होणाऱ्या लहान पिशवीत २५० मिली साय घातलेलं गार दूध, ३० ग्रॅम साखर आणि थोडा व्हॅनिला. हवा काढून तोंड बंद करा, वर दुसरी पिशवी चढवा. मोठ्या पिशवीत पाऊण किलो बर्फ आणि १५० ग्रॅम जाडं मीठ घालून त्यात लहान पिशवी ठेवा, टॉवेलात गुंडाळा आणि दहा मिनिटं हलवत राहा. टॉवेल हवाच, कारण मीठ घातलेला बर्फ शून्याच्या बराच खाली जातो, पुरेसं मीठ असेल तर उणे २१ अंशांपर्यंत, आणि हात भाजल्यासारखा होतो. नॅन्सी जॉन्सन यांनी १८४३ मध्ये अमेरिकेत हाताने फिरवायच्या ज्या आइस्क्रीम यंत्राचं पेटंट घेतलं, त्यातही थंडी आणणारं हेच होतं: बर्फ आणि मीठ. लहान पिशवी उघडण्याआधी बाहेरून पाण्याने धुवा, नाहीतर पहिलाच घास खारट.

जेवण: पहाटे शिजवा, दुपारी कालवा

उन्हाळ्यात स्वयंपाकाचा खरा त्रास चवीचा नसतो, शेगडीपुढे उभं राहण्याचा असतो. म्हणून ज्याला आच लागते ते सकाळी लवकर उरकायचं (भात, पास्ता, बटाटे, अंडी, कडधान्यं) आणि दुपारी फक्त चिरायचं आणि कालवायचं.

भिजवलेले काबुली चणे किंवा राजमा कुकरला लावा. राजमा भांड्यात शिजवणार असाल तर भिजवलेलं पाणी टाकून द्या आणि ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळा. अर्धाकच्चा राजमा पोट बिघडवतो. बटाटे गरम असतानाच त्यांच्यावर लिंबू-मीठ शिंपडा, गरम बटाटा चव आत घेतो, गार झालेला अंगावरून ओघळू देतो. अंडी नऊ-दहा मिनिटं उकळून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. टरफलासकट आठवडाभर फ्रिजमध्ये राहतात.

काकडी आणि टोमॅटोच्या सॅलडला पाणी सुटतं ही सगळ्यांची तक्रार. अर्धा किलो काकडीच्या चकत्यांना एक छोटा चमचा मीठ चोळून चाळणीत वीस-पंचवीस मिनिटं निथळत ठेवा. मीठ पाणी बाहेर ओढतं, काकडी कुरकुरीत होते. पिळा आणि मगच कालवा. वर मीठ घालायच्या आधी चाखून बघा.

सॅलड कालवायला दोन भाग तेल, एक भाग लिंबू किंवा व्हिनेगर, मीठ, मिरी, थोडी मोहरीची पेस्ट, सगळं झाकणाच्या बरणीत घालून खळखळ हलवा. एरवी तीनास एक हे प्रमाण सांगतात. थंड खायचं असेल तर मला ते बोथट वाटतं.

आणि एक थंड सूप, ज्याला शेगडी लागतच नाही. १ किलो पिकलेले टोमॅटो, १ काकडी, अर्धी ढोबळी मिरची, लसणाची एक पाकळी, शिळ्या पावाची एक स्लाइस, ३ मोठे चमचे तेल, १ मोठा चमचा व्हिनेगर, १ छोटा चमचा मीठ. सगळं चिरून अर्धा तास मुरू द्या, मिक्सरला लावा, गाळा किंवा गाळू नका, आणि चार तास फ्रिजमध्ये ठेवा. वाढताना पुन्हा चाखा, गार झाल्यावर मीठ कमी पडलेलं असतंच. टोमॅटो अख्खे असताना मात्र बाहेरच ठेवा. फ्रिजमध्ये दिवसेंदिवस पडलेल्या टोमॅटोचा वास जातो आणि मग सूप लाल पाण्यासारखं लागतं.

जिथे मी अजिबात तडजोड करत नाही

५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात, आणि उन्हाळ्यातली खोली या पट्ट्यात व्यवस्थित बसते. शिजवलेलं किंवा चिरलेलं काहीही दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको. खोली ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासातच आत. भाताचं विशेष लक्ष ठेवा, त्यातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात उथळ ताटात पसरून लवकर गार करा, तासाभरात फ्रिजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवा. कलिंगड-खरबूज चिरण्याआधी साल धुवा, कारण सुरी सालीवरची घाण सरळ गरात नेते. लसूण घातलेलं तेल खोलीच्या तापमानाला साठवू नका. एक वर्षाखालच्या बाळाच्या पेयात मध नको.

सरबत हे औषध नाही. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालं असेल तर जलसंजीवनीचं पाकीट, तेही पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात. पाकीट मिळेपर्यंत १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ अंदाजाने घालू नका. उन्हातून आलेला माणूस बरळायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर त्याला पेला देत बसू नका. सावलीत घ्या, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि ताबडतोब वैद्यकीय मदत बोलवा.

पाहुणे दुपारी येणार असतील तर

आदल्या रात्री: चहा मुरायला ठेवा, लिंबाची साल साखरेत रगडा, बर्फाचे ट्रे भरा, कडधान्य भिजवा. सकाळी सातच्या आत: कडधान्य आणि अंडी शिजवा, सूप मिक्सरला लावून फ्रिजमध्ये, फळांचा बर्फ फ्रीजरमध्ये (दर अर्ध्या तासाला खरवडायचा गजर लावा, आठवण राहत नाही). अकराला लिंबाचा अर्क गाळा, पेले आणि वाट्या फ्रिजमध्ये ठेवा. पाहुणे दारात आले की काकडी पिळा, सॅलड कालवा. पेले सगळे भरून झाल्याशिवाय बर्फाचा ट्रे बाहेर काढू नका.

वीज गेली तर फ्रिजचं दार उघडून "बघू या काय काय आहे" करू नका. बंद फ्रिज साधारण चार तास थंडी धरतो, गच्च भरलेला फ्रीजर बंद ठेवला तर दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस. प्यायच्या पाण्यासाठी सच्छिद्र मातीचं भांडं, नाहीतर ओल्या सुती कापडात गुंडाळलेली बाटली, सावलीत वाऱ्याला ठेवा. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना एक ग्रॅम बर्फ वितळण्याच्या सातपट उष्णता जाते. हवा कोरडी असेल तर फरक चांगला जाणवतो, दमट हवेत फारसा नाही. फळांचा बर्फ मात्र जास्त वेळ राखून ठेवू नका, एकदा वितळून पुन्हा गोठला की त्याची वीट होते. वीज जाऊन तीन तास झाले असतील तर तो सरळ सगळ्यांना वाटून टाका.